शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक माझ्या लेकराच्या वयाचं आहे का?

पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. परभणी, हिंगोली आणि जालना जिल्ह्यांतल्या शाळांना आम्ही वाचनालयाची पुस्तकं पुरवतो. जूनमध्ये शाळा भरल्या की आणि पुन्हा 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या सुमारास आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "हे पुस्तक लेकरांच्या हातात द्यावं का?" कधी वडिलांचा फोन असतो, कधी मॅडम स्वतः पुस्तक घेऊन दुकानात येतात. हल्ली बहुतेक वेळा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरलेला एका पानाचा फोटो येतो.

पालकांची काळजी रास्त आहे. नको ती पुस्तकं शाळेच्या कपाटात खरोखर सापडतात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला तिच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये वाचनालयासाठी मिळू शकतात. ते मार्चअखेर खर्ची टाकायचे म्हणून घाईघाईत गठ्ठा घेतला जातो, आणि गठ्ठ्यात काय आहे हे कुणी उघडून बघत नाही. मुखपृष्ठावर परी आणि राक्षस, आत मात्र मोठ्यांसाठी लिहिलेल्या रक्तबंबाळ गूढकथा, असा माल त्यात सर्रास येतो. बोधकथेच्या नावाखाली काळ्या रंगाच्या, लंगड्या किंवा गरीब माणसाला हिणवणारा मजकूरही येतो. या दुसऱ्या प्रकाराबद्दल तक्रार क्वचितच येते. आमच्या मते ती आधी यायला हवी.

पण ज्यांच्यावर सर्वांत जास्त आक्षेप येतात ती पुस्तकं वेगळीच असतात. पाळीची माहिती देणारं पुस्तक घ्या. एका पानावर गर्भाशयाचं साधं रेखाचित्र असतं. फोटो फिरतो तो त्याच पानाचा. पुढच्या पानावर कापड कसं धुवायचं, ते अंधारात न वाळवता उन्हात का वाळवायचं, शाळेत असताना डाग पडला तर कुणाला सांगायचं, हे लिहिलेलं असतं. ते पान कुणी पाठवत नाही. पाळी नवव्या-दहाव्या वर्षीही येऊ शकते, त्यामुळे हे पुस्तक आठवीत दिलं तर पुष्कळ मुलींना उशीर झालेला असतो. आम्ही ते पाचवीपासून सुचवतो, आणि मुलांनीही वाचावं असं सांगतो. नकोसा स्पर्श ओळखायला शिकवणारी चित्रपुस्तकं तर पहिली-दुसरीपासून हवीत. त्या वयातलं मूल घाबरेल असं वाटतं, पण ज्याला शब्दच माहीत नाहीत ते मूल आईला सांगणार कसं?

आता आपल्या भागाचा विषय. वडिलांनी कर्जापायी जीव दिला, अशी गोष्ट शाळेत नको, असं अनेक पालक आम्हाला कळकळीने सांगतात. मराठवाड्यात मात्र ज्या वर्गात ते पुस्तक जाईल, त्याच वर्गात तसं घर असलेलं लेकरू बसलेलं असू शकतं. आपलं दुःख पुस्तकात लिहिलं जाऊ शकतं, हे कळल्यावर त्याला आधारच वाटतो. म्हणून अशी पुस्तकं आम्ही सरसकट बाजूला काढत नाही, नीट पारखतो. जीव कसा दिला याचं वर्णन असेल, किंवा तोच सुटकेचा मार्ग असल्यासारखं दाखवलं असेल, तर पुस्तक आमच्या गठ्ठ्यात येत नाही. त्यानंतर घर कसं उभं राहिलं, आजीने काय केलं, मास्तर घरी आले का, हे ज्यात आहे ते सहावीपासून चालतं. मात्र शिक्षकांनी आधी वाचावं आणि वर्गात सोबत वाचावं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपावरच्या किंवा आई-बाबांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या गोष्टींनाही आम्ही हीच पारख लावतो.

सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या, म्हणजे निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्याच्या, पुस्तकांची मागणी वाढते. 17 सप्टेंबर 1948 चा इतिहास प्रत्येक मुलाला कळला पाहिजे, यात दुमत नाही. तिसरी-चौथीला आम्ही स्वामी रामानंद तीर्थांचं चरित्र, गावोगावचे सत्याग्रह, तिरंगा फडकवण्याचे प्रसंग असलेली पुस्तकं देतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांचं तपशीलवार वर्णन आठवी-नववीसाठी ठेवतो. त्या वेळचा राग आजच्या शेजाऱ्यावर काढणारं पुस्तक मात्र आम्ही कोणत्याही इयत्तेला पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मुलाचं वय आणि त्याची वाचनपातळी नेहमी जुळतेच असं नाही. मुलांना वाचता-लिहिता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी अहवालाच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. अशा मुलाला मनीमाऊचं पुस्तक दिलं तर ते वर्गात लाजतं आणि पुन्हा कपाटाकडे फिरकत नाही. त्याला विषय अकरा वर्षांच्या मुलाचा हवा, म्हणजे क्रिकेट, विहिरीतलं पोहणं, जत्रा, मोबाइल. वाक्यं मात्र छोटी आणि अक्षर मोठं हवं. मराठीत अशी पुस्तकं कमी आहेत, आम्ही ती शोधून वेगळी ठेवतो. उलट चौथीतली एखादी मुलगी कादंबरी वाचू शकते, म्हणून तिच्या हाती दहावीची कादंबरी द्यावी असंही नाही.

आमच्याकडून जाणारं प्रत्येक पुस्तक आमच्यापैकी कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असतं. पाठीवर पट्टी चिकटवलेली असते: हिरवी पहिली ते चौथी, पिवळी पाचवी ते सातवी, निळी आठवी ते दहावी. लाल टिकली असेल तर शिक्षकांनी आधी वाचायचं. पट्टी हा आमचा अंदाज आहे. तुमच्या लेकराला तुम्ही जास्त ओळखता, आणि तुमच्या लेकरासाठी निर्णय तुमचाच. मात्र एका घराला नको वाटलं म्हणून पुस्तक सगळ्या शाळेतून जाऊ नये.

एखादं पुस्तक खटकलं तर आधी ते घरी नेऊन पूर्ण वाचा. तरीही खटकलं तर पान क्रमांक आणि नेमकं काय खटकलं हे कागदावर लिहून मुख्याध्यापकांना द्या. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. हा विषय तिथे मांडा. बैठकीला बोलावलंत तर आमच्यापैकी कुणीतरी ते पुस्तक घेऊन येईल.

पुस्तक कपाटातच ठेवायचं पण वरच्या वर्गासाठी, असं समितीने ठरवलं तर आम्ही पट्टी बदलून देतो. काढूनच टाकायचं ठरलं तर त्याच किमतीचं दुसरं पुस्तक देतो. दाखल नोंदवहीत नोंद झाली असेल, शाळेचा शिक्का पडला असेल, तरी चालेल. नोंद बदलण्यासाठी लागणारं पत्र आणि नवं बिल आम्ही देतो. फक्त पान फाडू नका आणि मजकुरावर शाई फासू नका, तसं पुस्तक आम्हाला परत घेता येत नाही.