व्याजप्रदान, केंद्र सरकारचे

केंद्र सरकारने घेतलेल्या कर्जावर दरवर्षी द्यावे लागणारे व्याज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १२,७६,३३८ कोटी रुपये धरले आहेत. त्याच वर्षीचा भांडवली खर्च ११.२१ लाख कोटींचा. म्हणजे रस्ते, लोहमार्ग, शस्त्रसामग्री या सगळ्यांना मिळून जेवढे मिळते त्याहून जास्त रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजात जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार हा खर्च भारताच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ आहे. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. सरकार कोणाचेही असो, व्याज आधी निघते आणि उरलेल्यात कारभार भागवावा लागतो.

सरकार मुख्यतः रोखे, म्हणजे ठरलेल्या मुदतीची कर्जपत्रे, विकून कर्ज उभारते. सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक या रोख्यांचा लिलाव करते. बहुतेक रोख्यांचा व्याजदर मुदत संपेपर्यंत कायम राहतो. २०३४ साली मुदत संपणारा ७.१० टक्क्यांचा रोखा घ्या. ज्याच्याकडे तो लाख रुपयांचा आहे त्याला दर ८ एप्रिलला आणि ८ ऑक्टोबरला ३,५५० रुपये मिळतात. मधल्या काळात बाजारातले दर चढोत की उतरोत, ही रक्कम तीच. त्यामुळे व्याजाचा एकूण भार बाजाराच्या बराच मागून चालतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे आकडे नीट उलगडत नाहीत.

१९९०-९१ मध्ये व्याजावर सुमारे २१,५०० कोटी खर्च झाले होते. म्हणजे आजची रक्कम जवळजवळ साठपट. आकडा ऐकून छाती दडपते, पण महसुली जमाही, म्हणजे कर्ज सोडून करांतून व इतर मार्गांनी होणारे चालू उत्पन्नही, तेव्हाच्या सुमारे ५५,००० कोटींवरून ३४.२० लाख कोटींवर गेली आहे. जमेशी प्रमाण काढले तर तेव्हा ३९ टक्के, आता ३७. नुसती रक्कम सांगून घाबरवणारे हे प्रमाण सांगत नाहीत आणि खरे माप तेच आहे.

मधली वाट मात्र चढउतारांची आहे. पूर्वी सरकारला पैसा स्वस्त मिळे, कारण बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवणे भाग होते आणि रिझर्व्ह बँक ४.६ टक्क्यांच्या तदर्थ हुंड्यांवर, म्हणजे सरकारने गरजेनुसार तिला लिहून दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जचिठ्ठ्यांवर, सरकारची निकड भागवत असे. १९९२ पासून लिलाव सुरू झाले, १ एप्रिल १९९७ पासून तदर्थ हुंड्या बंद झाल्या. सरकारला बाजारभावाने कर्ज काढावे लागले. १९९५-९६ मध्ये नव्या कर्जाचा सरासरी दर पावणेचौदा टक्के होता. २००१-०२ पर्यंत तो साडेनऊच्या आत आला, तरीही व्याजाने महसुली जमेतला सर्वांत मोठा घास घेतला तो त्याच वर्षी : सुमारे ५३ टक्के. चढ्या दराने काढलेले जुने रोखे अजून फिटायचे होते आणि करवसुली रोडावलेली होती. पुढे दर आणखी उतरले, तुटीला आवर घालणारा २००३ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा आला, करउत्पन्न वाढले आणि २०१०-११ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर आले. २०२०-२१ मध्ये नवे कर्ज सरासरी ५.७९ टक्क्यांनी, म्हणजे फारच स्वस्तात मिळाले, पण प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी जमा आटली आणि कर्ज फुगले.

सरकारला वर्षभरात कर्ज काढून भरावी लागणारी तफावत म्हणजे वित्तीय तूट. तिच्यातून व्याज वगळून उरणाऱ्या तुटीला प्राथमिक तूट म्हणतात. २०२५-२६ च्या अंदाजात एकूण वित्तीय तूट १५.६९ लाख कोटींची आहे, प्राथमिक तूट २.९३ लाख कोटींची. दुसऱ्या शब्दांत, शंभर रुपयांची तूट असेल तर त्यातले ८१ रुपये व्याजाइतके आहेत.

हा पैसा परदेशी जातो, असा एक समज आहे. केंद्राचे बाह्य कर्ज एकूण कर्जाच्या मानाने थोडे आहे. व्याज घेणारे बहुतेक देशातलेच : बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी आणि पोस्टातील बचतदार. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दहा लाख ठेवले असतील, तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला तिच्या पासबुकात २०,५०० रुपयांची नोंद होते. अर्थसंकल्पातल्या त्या प्रचंड आकड्याचा एक कण तिच्या किराण्यात आणि औषधात उतरतो. व्याजखर्चावर बोलताना ही बाजू विसरणे अन्यायाचे आहे.

भार जड की हलका, हे कर्ज कशासाठी काढले यावरही ठरते. इंदूरचा स्वतःचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८७० च्या सुमारास तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा–इंदूर लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. संस्थान धनको, साम्राज्य ऋणको. वर्षाचे व्याज साडेचार लाख आणि त्या पैशातून गाडी इंदुरात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने ८.२५ टक्क्यांचे २४४ कोटींचे हरित रोखे काढले, तेव्हा सामान्य नागरिकांनाही ते घेता आले. पैसा जलूदच्या सौरप्रकल्पासाठी होता. नर्मदेचे पाणी तेथून उपसून शहरात आणायला वीज लागते आणि तिचे बिल हा पालिकेच्या डोक्यावरचा मोठा बोजा आहे. हे बिल कमी होईल त्यातून व्याज निघावे, असा तो हिशेब आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या तुटीतला तिसरा हिस्सा मात्र महसुली तुटीचा, म्हणजे चालू खर्चाचा आहे. त्यावरचे व्याज फेडायला ना गाडीचे भाडे येते, ना वाचलेले वीजबिल. ते पुढच्या वर्षांच्या करांतूनच काढावे लागते.