कामगार नुकसानभरपाई विमा: पॉलिसीआधी मस्टर (हजेरीपट) उघडा

आमच्याकडे या विम्याच्या नूतनीकरणाला आलेले बरेच ग्राहक खुर्चीत टेकायच्या आत सांगतात, "माणसं सात हायती, पण चारच लिवा की." हप्ता कमी बसतो, एवढंच कारण. हे पत्रक मुख्यतः त्या वाक्यासाठी छापलंय.

या विम्याला आपण सगळे अजून 'डब्ल्यूसी' (वर्कमन्स कॉम्पेन्सेशन) असंच म्हणतो. मूळ कायदा १९२३ चा. २०१० मध्ये त्याच्या नावातला 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉई' आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. गाभा मात्र तोच राहिला. कामावर असताना, कामामुळे माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई मालकाने द्यायची. ही जबाबदारी पॉलिसी नसली तरी असतेच. पॉलिसी घेतली की तिचा भार विमा कंपनी उचलते. कामगाराच्या हातून थोडा निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम केलं किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढलं असेल तर मालक हरकत घेऊ शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाही.

नव्या संहितेत एक भर पडली आहे. घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळला तर, धरला जातो. तासगावहून कुपवाडला पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवर येणारी पोरं डोळ्यांसमोर आणा. तुमची पॉलिसी आधीची असेल तर याबद्दल एकदा विचारून घ्या.

आता पैशाचा हिशेब. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घेऊन त्याला वयाच्या गुणकाने (वयानुसार कायद्यात ठरलेल्या आकड्याने) गुणतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के धरतात. वय वाढेल तसा गुणक उतरतो: तिशीला २०७.९८, चाळिशीला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९. पगार कितीही असो, हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरायचे, ही मर्यादा २०२० मध्ये ८,००० वरून वाढली. म्हणजे तीस वर्षांचा, १५,००० पगाराचा वेल्डर गेला तर घरच्यांना १५,५९,८५० रुपये. पूर्ण अपंग झाला तर १८,७१,८२०. पॉवर प्रेसमध्ये अंगठा मुळापासून गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं कायद्याचा तक्ता मानतो. म्हणून पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे ३० टक्के, ते होतात ५,६१,५४६. काही दिवसांपुरतं काम बंद असेल तर दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त पाच वर्षं.

याच वेल्डरचा पगार कागदावर ९,००० दाखवला असेल तर? मृत्यूची भरपाई ९,३५,९१०. सहा लाखांवर रक्कम गायब. खरा पगार पंधरा हजार होता हे घरच्यांनी सिद्ध केलं, की तो फरक मालकाच्या अंगावर.

आमच्याकडचंच एक प्रकरण सांगतो. फॅब्रिकेशनची छोटी शेड, पॉलिसीत चार माणसं, कामावर सात. बोटं गेली ती नेमकी नव्या पोराची. मालकाने रात्री बसून वर्षभराचं मस्टर लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा तपासनीस आला, चहा घेतला, अंगठ्याने पानं उलटत गेला. बारा महिने एकच पेन, एकच शाई, कुठे तेलाचा डाग नाही, आणि दिवाळीच्या पाडव्यालाही सगळे हजर! तो काहीच बोलला नाही, फक्त फोटो काढले. क्लेम नाकारला गेला. मालकाने घराबाहेर उभी असलेली गाडी विकून पैसे भरले. वाचवलेला हप्ता त्या गाडीच्या टायरांइतकाही नव्हता.

हप्ता पगाराच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. ऑफिसातल्या क्लार्कचा दर वेगळा, फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्याचा वेगळा. वर्षात माणसं वाढली तर तेव्हाच कळवा. हंगामात हळदीच्या पॉलिशला किंवा बेदाण्याच्या शेडवर चार महिन्यांसाठी येणारी माणसंही मोजायची असतात. रोजंदारीवर आहे म्हणून कोणी बाहेर राहत नाही. ठेकेदाराने आणलेल्या माणसाची भरपाईही मूळ मालकाकडे मागता येते. मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो, पण तोवर ठेकेदाराचा फोन लागला पाहिजे. म्हणून ठेक्याची माणसं पॉलिसीत वेगळी लिहून घ्या.

दवाखान्याचा खर्चही मालकानेच भरून द्यायचा असतो. पॉलिसीत तो बहुधा वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि त्याला माणशी मर्यादा असते. भरपाईला महिन्याहून जास्त उशीर केला तर १२ टक्के व्याज लागतं, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड विमा कंपनी देत नाही. व्याजाचं कलम प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं, ते आम्ही वाचून दाखवतो.

ज्यांना ईएसआय, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे (साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं, २१,००० पर्यंत पगार) त्यांची भरपाई तिकडून मिळते. २१,००० च्या वरच्यांसाठी मात्र ही पॉलिसी लागतेच.

आणखी एक सवय सोडा: कामगाराकडून स्टॅम्पपेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेणं. भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात रोख दिले तर तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल सोडता ते भरपाईत मोजत नाहीत. माणुसकीने दिलेले पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही, पण भरपाई पुन्हा भरावी लागते.

कामगार बांधवांसाठी: लागलं की त्याच दिवशी मालकाला सांगा, जमल्यास लेखी. दवाखान्यात "घरी पडलो" असं सांगू नका. केसपेपरवरची पहिली ओळ पुढे दोन वर्षं पाठ सोडत नाही.

मालकांनी अपघात झाला की आधी माणूस दवाखान्यात न्यावा, मग लगेच आम्हाला फोन करावा. मशीन आहे तसंच ठेवा, फोटो काढा. नूतनीकरणाला येताना चालू मस्टर, तीन महिन्यांचं पगारपत्रक आणि ठेकेदाराचं बिल आणा. मस्टरला तेलाचे डाग असले तरी चालतील.