दुर्बीण अवकाशात का पाठवतात? तारे जवळ यावेत म्हणून नव्हे!

‘हबल ही अवकाश दुर्बीण ताऱ्यांच्या जवळ आहे, म्हणून तिला स्पष्ट दिसतं’ हा समज शाळेच्या तक्त्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

हबल जमिनीपासून जेमतेम 500 किमीवर फिरते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, सुमारे 40 लाख कोटी किमी दूर आहे. जेम्स वेब ही दुसरी अवकाश दुर्बीण 15 लाख किमीवर आहे खरी, पण या अंतरापुढे तेही नगण्यच.

खरी अडचण आहे वातावरणाची. हवेच्या हालचालीने प्रतिमा थरथरते. हे आता जमिनीवरच्या दुर्बिणी लवचीक आरशांनी बऱ्याच अंशी सावरतात. पण जो प्रकाश हवा शोषूनच घेते, त्याचं काय करणार? क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण खाली पोचतच नाहीत.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटचंच पाहा. 2015 साली गेलेल्या या वेधशाळेतल्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम 38 सेंमीचा. तरीही तिने 930 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून निघालेला अतिनील प्रकाश टिपला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालचं हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. तो प्रकाश जमिनीवरच्या 10 मीटरच्या आरशालाही दिसला नसता.