तत्त्वज्ञानातली पीएचडी आणि त्यातून येणारी कौशल्यं

तत्त्वज्ञानात पीएचडी करणं म्हणजे एखाद्या तात्त्विक प्रश्नावर काही वर्षं काम करून स्वतःचा युक्तिवाद मांडणारा प्रबंध लिहिणं आणि तो परीक्षकांसमोर टिकवून दाखवणं. इथे लॅब नसते, डेटाही बहुतेकदा नसतोच, हातात असतात फक्त युक्तिवाद, त्यामुळे जी काही कौशल्यं येतात ती युक्तिवाद वाचणं, तपासणं आणि बांधणं यातूनच येतात.

वाचन इथे फार हळू चालतं. एका परिच्छेदावर अख्खा सेमिनार जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ च्या आपल्या मुख्य ग्रंथातले काही महत्त्वाचे भाग १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्ण नव्याने लिहिले, मग त्याच्यावर काम करणारा दोन्ही पाठ शेजारी ठेवून बसतो, काय बदललं, का बदललं, त्याने युक्तिवाद बळकट झाला की अजून अडचणीत आला हे शोधतो, आणि त्यासाठी जर्मन शिकावी लागते. तसंच ग्रीक, संस्कृत किंवा पालीचं, विषय असेल त्याप्रमाणे.

पण सगळ्यात मोलाचं कौशल्य म्हणजे आपल्याला न पटणारं मत, ते मानणाऱ्यालाही जमणार नाही इतकं चांगलं मांडता येणं. भारतीय दर्शनांत तर ग्रंथ लिहायची रीतच ही आहे, आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं मत, नीट उभा करायचा, मग खंडन, मग सिद्धांत, म्हणजे आपलं मत. पूर्वपक्ष लेचापेचा असेल तर खंडनाला काही किंमतच राहत नाही. पीएचडीत गाईड हेच परत परत विचारतात, की समोरचा यावर काय म्हणेल? आणि हे वर्षानुवर्षं ऐकल्यावर तो प्रश्न आपोआप डोक्यात यायला लागतो.

दुसरं म्हणजे प्रतिउदाहरण शोधणं. ज्ञान म्हणजे सबळ कारण असलेला खरा विश्वास, ही व्याख्या बऱ्याच जणांना पुरेशी वाटायची, १९६३ मधे एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात ती अडचणीत आणली. समजा घड्याळ काल बरोबर दोनला बंद पडलं आणि तुम्ही आज बरोबर दोनलाच त्याच्याकडे बघितलं, तर तुमचा विश्वास खरा आहे, कारणही आहे, पण तुम्हाला वेळ माहीत होती असं म्हणवत नाही. सगळं बरोबर दिसत असताना व्याख्या नेमकी कुठे फाटते ते अशा एका छोट्या उदाहरणाने दाखवायचं, ही नजर सरावानेच येते.

आणि हीच नजर स्वतःच्या कामाकडे वळवावी लागते, ते जास्त अवघड. १९०२ मधे ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला पत्र लिहून त्याच्या तर्कपद्धतीतला विरोधाभास कळवला तेव्हा फ्रेगेच्या त्या पद्धतीवरच्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत होता, फ्रेगेने चूक मान्य केली आणि १९०३ मधे तो खंड निघाला तेव्हा त्यात या अडचणीवर परिशिष्ट जोडलं. इतका प्रामाणिकपणा प्रत्येकात येतो असं नाही, पण प्रबंधातलं एखादं अख्खं प्रकरण एका आक्षेपामुळे काढून टाकणं हे बऱ्याच जणांना करावं लागतं.

लेखन, शिकवणं, पेपर तपासणं, परिषदेत प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तर देणं हे सोबत येतंच. हॉस्पिटलच्या नीतिविषयक समित्या, धोरणांवरचं काम, एआयच्या नैतिक प्रश्नांवरचं काम, अशा ठिकाणी या सगळ्याचा थेट उपयोग होतो.

काही गोष्टी मात्र आपसूक येत नाहीत. टीममधे काम करणं, बजेट सांभाळणं, आकडेवारीचं विश्लेषण हे बहुतेकांना वेगळं शिकावं लागतं, कारण प्रबंध एकट्याने लिहायचा असतो. गणिताचं विषयावर अवलंबून आहे, नीतिशास्त्रात त्याच्याशिवाय भागतं, पण भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानात क्वांटम मेकॅनिक्ससारख्या विषयावर काम करायचं तर त्याचं गणित यावंच लागतं.