वालुकाश्माचे शिलावर्णन आणि खुणांचे जीवाश्म

प्राचीन गाळ कोणत्या परिस्थितीत साचला हे ठरवण्यासाठी वालुकाश्माचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन आणि त्याच थरांतील बिळे, माग व चरल्याच्या खुणा एकत्र अभ्यासतात. कणांवरून वाळू कुठून आली ते मुख्यतः कळते. ती साचली तिथला तळ कसा होता, हे बिळे सांगतात. शिंपले लाटांबरोबर दूर जातात. बीळ जागचे हलत नाही.

खडकाची चकती काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिमी जाडीपर्यंत घासतात; या पातळ चकतीला छेद म्हणतात. या जाडीला ध्रुवणकारी सूक्ष्मदर्शकाच्या छेदित ध्रुवणात, म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहताना, क्वॉर्ट्झ (गारगोटीचे खनिज) करडे-पांढरे दिसते. ते पिवळे दिसले, तर छेद जाड राहिला आहे. भुसभुशीत नमुन्यात आधी निळी इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) मुरवावी, नाहीतर घासताना निखळलेल्या कणांच्या जागा मूळ छिद्रांत धरल्या जातात. नंतर छेदावर ठरावीक अंतराने ३०० ते ५०० बिंदू घेऊन प्रत्येकाखाली काय आहे ते मोजतात. बिंदूंमधले अंतर सर्वांत मोठ्या कणाहून जास्त हवे, म्हणजे एकच कण दोनदा मोजला जात नाही.

खरा वाद आधारक, म्हणजे कणांमधला बारीक चिखलासारखा भाग, कुठून आला याचा आहे. तो साधारण १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या वालुकाश्माला वॅके म्हणतात. गढूळ प्रवाहाने वाळू व चिखल एकत्र टाकला, असे पूर्वी मानत. १९६२ मध्ये भूवैज्ञानिक कमिन्स यांनी निदर्शनास आणले, की आजच्या खोल समुद्रातील अशा वाळूत आधारक फार थोडा असतो. पुरल्यावर फेल्स्पार हे खनिज व खडकांचे तुकडे कुजून तो बनत असावा. हे मत बहुतांशी ग्राह्य वाटते. मऊ पंकाश्माचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) तुकडे दाबाने चेपले, तरी तसाच आभास होतो. शिवाय बिळे करणारे प्राणी वरचा चिखल वाळूत ओढतात. म्हणून छेदाची जागा ठरवण्यापूर्वी नमुन्याची कापलेली बाजू ओली करून बिळे पाहावीत आणि बिळाचा भराव व आजूबाजूची वाळू वेगळी मोजावी. हे न केल्यास लाटांनी धुतलेली स्वच्छ वाळूही वॅके ठरते.

बिळे व माग यांसारख्या खुणा एकोणिसाव्या शतकात समुद्रशैवालाचे जीवाश्म समजल्या जात. त्यांतील अनेक प्राण्यांचे माग असल्याचे स्वीडिश पुराजीवशास्त्रज्ञ नाथोर्स्ट यांनी १८८१ मध्ये दाखवले. जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ झाइलाखर यांनी केलेल्या खुणांच्या गटवारीत स्कोलिथॉस गटाची उभी बिळे हलत्या वाळूत, क्रुझियाना गटाच्या खुणा शांत उथळ तळावर, तर नेरेइटीस गटाचे नागमोडी माग खोल समुद्रात येतात. पण त्यांवरून थेट खोली काढू नये. तळाचा घट्टपणा, ऑक्सिजन, अन्न व क्षारता हीच खरी कारणे होत. खोल समुद्रातील वाळूच्या चरांतही उभी बिळे सापडतात.

ग्लॉकोनाइट हे हिरवे खनिज सागरी गाळ सुचवते, मात्र त्याचे कण झिजलेले असल्यास ते जुन्या थरांतून आले असण्याचा संभव असतो. नद्या व सरोवरांच्या गाळांतील खुणांचे गट तुलनेने कमी स्पष्ट आहेत. कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुन्या) वालुकाश्मांत खोल उभी बिळे जवळजवळ नसल्याने तिथे कण आणि थरांच्या रचनेवरच भिस्त राहते.