चक्र तोडायचे कुठे? पॅकेजांच्या परस्परावलंबनाची पार्श्वभूमी

सोलापुरात लॅबमधले इंटरनेट धड चालत नसले की डेब फायली, म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीची सॉफ्टवेअर पॅकेजे, पेनड्राइव्हवरून चढवाव्या लागतात. अशा वेळी 'अ' पॅकेजला 'ब' हवे आणि 'ब'ला 'अ' हवे, अशी जोडी कधी ना कधी आडवी येतेच. एकच फाइल दिली तर पॅकेज अर्धवट लटकते. दोन्ही एकाच आदेशात दिल्या की बसतात.

असे परस्परावलंबनाचे चक्र शोधणे ही अडचण फार आधी सुटली. ग्राफमधले, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या बाणांच्या जाळ्यातले, एकमेकांत अडकलेले गट एकाच फेरीत शोधणारी पद्धत १९७२ साली प्रसिद्ध झाली. वाद आहे तो ते तोडायचे कुठे, याचा.

डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनात इन्स्टॉलेशनचे दोन टप्पे असतात: आधी अनपॅक (फायली उलगडून जागी ठेवणे), मग कॉन्फिगर (त्या वापरण्याजोग्या करणे). 'याला ते पॅकेज हवे' असे सांगणारी साधी 'डिपेंड्स' नोंद दुसऱ्याच टप्प्याला बांधते, म्हणून चक्रातली सगळी पॅकेजे आधी अनपॅक होऊ शकतात. 'प्री-डिपेंड्स' मात्र अनपॅकलाच अडवते. म्हणूनच ते वापरण्याआधी जाहीर चर्चा करावी, असा दंडक आहे.

कॉन्फिगर करताना चक्र उरतेच. त्यासाठी नियम असा: ज्या पॅकेजला पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (कॉन्फिगर करताना चालणारी छोटी आदेशावली) नाही, तिथे तोडा. त्याला त्या टप्प्यावर काही चालवायचेच नसते, त्यामुळे बाकीच्यांच्या स्क्रिप्टना हवे ते तयार मिळते. हा भाग चोख आहे. पण सगळ्यांनाच स्क्रिप्ट असेल तर? तर कुठेही तोडा, असे डेबियनचे धोरणच सांगते. यंत्रमागावर ताणा आधी, बाणा नंतर, हे मागवाल्याला ठाऊक असते. इथे कोणती स्क्रिप्ट आधी चालायला हवी हे फक्त पॅकेज बांधणाऱ्याला ठाऊक असते, आणि निर्णय मात्र साधनावर सोडलेला. मला हे पटत नाही. सामाईक फायली वेगळ्या 'कॉमन' पॅकेजात काढल्या आणि त्याला उलटे अवलंबन दिले नाही, तर बरीच चक्रे मुळात उभीच राहत नाहीत. हे काम बांधणाऱ्यानेच करायला हवे.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कार्गो या पॅकेज-साधनाने कडक वाट धरली: पॅकेजांत चक्र चालणार नाही. सूट फक्त चाचण्यांपुरत्या अवलंबनाला, कारण चाचण्या लायब्ररी तयार झाल्यावर बांधल्या जातात.

अलीकडे जास्त घाम फुटतो तो बिल्डच्या, म्हणजे मूळ कोडपासून पॅकेज बांधण्याच्या, वेळच्या चक्रांनी. नव्या प्रोसेसरसाठी सगळे शून्यातून बांधताना कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला) लायब्ररी लागते, लायब्ररीला कंपायलर. त्यासाठी डेबियनमध्ये बिल्ड प्रोफाइल, म्हणजे पॅकेजचे काही भाग वगळून बांधण्याची सोय, आले. दस्तऐवज आणि चाचण्या वगळून पहिली कच्ची आवृत्ती बांधायची, तिच्या आधारावर बाकीची पॅकेजे, आणि शेवटी तेच पॅकेज पुन्हा, या वेळी पूर्ण.