आयएल-६ची तपासणी करण्याआधी

अंगात ताप नाही, सूज नाही, तरी ‘इम्युनिटी किती आहे ते बघायचंय’ म्हणून आयएल-६ (इंटरल्यूकिन-६) या प्रथिनाची रक्ततपासणी करून घेऊ नका. ती तपासणी प्रतिकारशक्ती मोजत नाही.

आयएल-६ हे एक सायटोकाइन आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप, प्रथिनांच्या रूपातले. कोणती पांढरी पेशी किती वाढेल आणि किती टिकेल, हे बरंचसं त्यांच्या प्रमाणावर ठरतं. टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, त्यांना जगायला आयएल-७ हे सायटोकाइन लागतं. अस्थिमज्जा आणि लसीकाग्रंथींतल्या आधारपेशी ते साधारण ठरावीक प्रमाणात बनवत राहतात, टी-पेशी ते वापरून संपवतात. चारा जेवढा, तेवढीच जनावरं दावणीला टिकतात, तसंच हे. टी-पेशी घटल्या की खाणारी तोंडं कमी होतात, आयएल-७ शिल्लक राहतं आणि उरलेल्या पेशी विभागून संख्या भरून काढतात. म्हणजे वाढलेलं आयएल-७ हे पेशी कमी पडल्याचंही लक्षण असू शकतं!

न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचे आणखी दोन प्रकार. न्यूट्रोफिल जी-सीएसएफ या सायटोकाइनवर वाढतात, जंत किंवा ॲलर्जीत इओसिनोफिल आयएल-५वर. हा परिणाम सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीत दिसतो. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० असतील आणि त्यांचे प्रकारही प्रमाणात असतील, तर निरोगी माणसाला सहसा एवढं पुरे.

आयएल-६ शरीरातली सूज (दाह) दाखवतं. निरोगी माणसात ते बहुधा मिलिलिटरला ७ पिकोग्रॅमच्या आत असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, त्यामुळे थोड्या चुकीनेही आकडा बदलतो. दिवसभर सोयाबीन काढलं किंवा जोराचा व्यायाम केला तरी ते वाढतं. आदल्या दिवशी अंगमेहनत टाळा.

डॉक्टरांनी आयएल-६ची तपासणी लिहून दिली असेल तर लातूरच्या आमच्या मुख्य लॅबमध्येच या. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत रेषेपर्यंत घेतलं जातं आणि नळी ८–१० वेळा हळुवार उलटीपालटी केली जाते. जोरात हलवली तर पेशी फुटतात, नीट मिसळली नाही तर गुठळी होते. नळीतल्या पेशी जिवंतच असतात, निरोप सोडत राहतात. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, लगेच वेगळा करावा लागतो. निलंगा-उदगीरहून मे महिन्याच्या उन्हात बसने आलेल्या नळीवर आयएल-६ आम्ही करत नाही. सीबीसीची नळी उन्हापासून जपून त्याच दिवशी पोचली तर चालते.

स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर फॉर्मवर लिहा, त्याने न्यूट्रोफिल वाढतात आणि इओसिनोफिल घटतात. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तेही लिहा. काही मशीनवर त्याने आकडा चुकतो.